अलार्म, ट्रिप, इंटरलॉक, बायपास: कंट्रोल रूममधले शब्द आणि त्यांचे नेमके अर्थ

प्रश्न असा आहे: कंट्रोल रूममध्ये नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याला पाळीच्या नोंदवहीत अलार्म, ट्रिप, इंटरलॉक, बायपास, सप्रेस, डेडबँड हे शब्द कधी एका अर्थाने तर कधी दुसऱ्याच अर्थाने लिहिलेले दिसतात. त्यांचे नेमके अर्थ कोणते, आणि अलार्मचे आकडे ठरवायला कुठून सुरुवात करायची?

सुरुवात 'अलार्म' या शब्दापासूनच करावी लागेल, कारण सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो. अलार्म व्यवस्थापनावरचे आयएसए १८.२ हे अमेरिकी मानक २००९ साली आले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. आयईसी ६२६८२ हे आंतरराष्ट्रीय मानक मूळ २०१४ चे. दोन्हींचा गाभा एकच आहे. उपकरणातला बिघाड, प्रक्रियेतली फारकत किंवा असामान्य स्थिती आवाजाने किंवा दिव्याने ऑपरेटरला कळवणारी आणि ज्यावर त्याने वेळेत काहीतरी करायलाच हवे अशी सूचना म्हणजे अलार्म. वजन शेवटच्या अटीवर आहे. ऑपरेटरने करण्यासारखे काही नसेल तर तो अलार्म नाही, मग हूटर कितीही वाजो.

'पंप चालू झाला' ही घटना आहे. ती नोंदीत जावी, हूटरवर नको. 'टाकी भरत आली, लाइन पुढच्या टाकीकडे वळवा' हे नेहमीच्या कामातले स्मरण आहे, त्यात असामान्य काही नाही. 'फिल्टरवरचा दाबफरक वाढतो आहे, या आठवड्यात साफ करा' ही देखभाल विभागाला द्यायची सूचना. या तिन्ही गोष्टी अलार्मच्या यादीत घुसल्या की खरा अलार्म त्यांच्यात हरवतो. म्हणून प्रत्येक अलार्मपुढे चार गोष्टी लिहून पाहाव्यात: तो कशामुळे येतो, ऑपरेटरने काय करायचे, किती वेळात, आणि केले नाही तर काय होईल. दुसऱ्या रकान्यात 'लक्ष ठेवा' एवढेच सुचत असेल तर तो अलार्म काढून टाकावा. एका टॅगवर, म्हणजे एका मोजमापाच्या ओळखक्रमांकावर, हाय (वरची मर्यादा) आणि हाय-हाय (त्याहून वरची) असे दोन अलार्म लावायची सवय सगळीकडे आहे. दोन्हींवर करायची कृती एकच असेल तर त्यातला एक फाजील आहे. हायवर 'आवक कमी करा' आणि हाय-हायवर 'आवक बंद करा, पंप थांबवा' असा फरक असेल तरच दोघांनाही जागा आहे.

आता 'सेटपॉइंट'. या एका शब्दाखाली तीन वेगळे आकडे लपतात. कंट्रोलरचा सेटपॉइंट म्हणजे लूपने (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीने) जिथे राहावे ते मूल्य. अलार्मचा सेटपॉइंट म्हणजे जिथे सूचना वाजते ती मर्यादा. ट्रिपचा सेटपॉइंट म्हणजे जिथे यंत्रणा स्वतःहून कृती करते ते मूल्य. पहिला आकडा ऑपरेटर दिवसातून दहा वेळा बदलू शकतो. दुसरा आणि तिसरा लेखी मंजुरीशिवाय बदलायचे नसतात. त्यामुळे नोंदवहीतल्या 'सेटपॉइंट ५ ने वाढवला' या वाक्यावरून काहीच समजत नाही. पुढच्या पाळीच्या माणसाला कोणता सेटपॉइंट, कोणत्या टॅगचा, कितीवरून किती, हे सगळे हवे असते.

लूपच्या पडद्यावर आणखी दोन आकडे असतात. पीव्ही म्हणजे मोजलेले मूल्य आणि ओपी म्हणजे कंट्रोलरने व्हॉल्व्हला पाठवलेला हुकूम. ओपी ४० टक्के दिसते याचा अर्थ व्हॉल्व्ह ४० टक्के उघडा आहे असा नाही. हवेची नळी फुटलेली असू शकते, स्टेम, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा, अडकलेला असू शकतो. हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांतला हा फरक किती महागात पडतो ते २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसले. तिथला रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, आणि पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता, 'बंद हो' हा संकेत गेला एवढेच दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ शीतक बाहेर जात राहिले. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक अलार्म वाजले होते. म्हणून महत्त्वाच्या व्हॉल्व्हवर लिमिट स्विचची (व्हॉल्व्ह खरोखर उघडला किंवा बंद झाला हे सांगणाऱ्या स्विचची) परतखूण हवी, आणि हुकूम व परतखूण ठरावीक सेकंदांत जुळले नाहीत तर वाजणारा अलार्म हवा. त्याला विसंगती अलार्म म्हणतात. हे सेकंद ठरवताना व्हॉल्व्हला प्रत्यक्ष लागणारा वेळ मोजून घ्यावा. ३० सेकंदांत फिरणाऱ्या मोठ्या व्हॉल्व्हला १० सेकंद दिले तर प्रत्येक वेळी खोटा अलार्म येईल.

डायरेक्ट आणि रिव्हर्स हा शब्दजोड कंट्रोलरचा आहे, व्हॉल्व्हचा नाही. पीव्ही वाढला की ओपी वाढते ती डायरेक्ट क्रिया. टाकीच्या जावकेवरचा व्हॉल्व्ह हवेने उघडणारा असेल तर पातळी वाढल्यावर ओपी वाढायला हवे, म्हणून डायरेक्ट. तोच व्हॉल्व्ह आवकेवर असता तर रिव्हर्स. हवा गेली की उघडणारा व्हॉल्व्ह असेल तर गोंधळ आणखी वाढतो. काही सिस्टिममध्ये १०० टक्के ओपी म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असे उलटवून दाखवतात, काहींमध्ये १०० टक्के म्हणजे पूर्ण हवा, अर्थात व्हॉल्व्ह बंद. आपल्या पडद्यावर यांपैकी काय आहे ते प्रत्येक लूपसाठी एकदा जागेवर उभे राहून तपासावे.

ट्यूनिंगच्या, म्हणजे कंट्रोलरने किती जोरात प्रतिसाद द्यायचा ते ठरवण्याच्या, शब्दांतही असाच सापळा आहे. फरकाच्या प्रमाणात ओपी किती हलवायचे ते काही कंट्रोलर प्रपोर्शनल बँड म्हणून मागतात, काही गेन म्हणून. प्रपोर्शनल बँड ५० टक्के म्हणजे गेन २. दोन्ही एकमेकांच्या उलट चालतात. इंटिग्रल, म्हणजे उरलेला फरक हळूहळू भरून काढणारा भाग, काही कंट्रोलर मिनिटांत मागतात, काही दर मिनिटाला किती आवृत्त्या या एककात. जुन्या कंट्रोलरवर २ मिनिटे होती आणि नव्यावर, जो आवृत्त्या मागतो, तसाच २ टाकला तर इंटिग्रल चौपट जोरात चालेल. तिथे ०.५ हवा. कंट्रोलर बदलल्यावर शांत लूप अचानक डोलायला लागला तर आधी एकके पाहावीत, मग व्हॉल्व्ह.

डेडबँड, डेडटाइम आणि डिले हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि खरे नुकसान इथेच होते.

डेडटाइम हा प्रक्रियेचा गुण आहे. व्हॉल्व्ह हलवल्यापासून मोजमापात पहिली हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. तो आपण ठरवत नाही, मोजतो. डेडबँड आपण ठरवतो. पातळी ८५ टक्क्यांवर अलार्म आला तर तो कितीवर जाईल, यांतला फरक म्हणजे डेडबँड. डिले म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर किती सेकंद थांबून वाजायचे किंवा मर्यादेत परतल्यावर किती सेकंद थांबून विझायचे. पहिला ऑन-डिले, दुसरा ऑफ-डिले.

सुरुवातीचे आकडे मानकांमध्ये दिलेले आहेत. मोजमापाच्या पूर्ण पल्ल्याच्या टक्केवारीत डेडबँड प्रवाहासाठी ५, पातळीसाठी ५, दाबासाठी २, तापमानासाठी १. डिले प्रवाह आणि दाबासाठी १५ सेकंद, पातळी आणि तापमानासाठी ६० सेकंद. हे आकडे डोळे मिटून सगळीकडे टाकायचे नसतात. दहा मीटर उंच टाकीत ६० सेकंदांचा डिले निरुपद्रवी असेल, पण दोन सेकंदांत १ टक्का भरणाऱ्या छोट्या ड्रममध्ये त्याच ६० सेकंदांत पातळी ३० टक्क्यांनी वर गेलेली असेल. अलार्म येईल तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसेल. जिथे शंका असेल तिथे ऑफ-डिले आधी वापरून पाहावा. त्याने पहिली सूचना उशिरा येत नाही, फक्त तीच सूचना पुन्हा पुन्हा येणे थांबते.

एका मिनिटात तीन किंवा अधिक वेळा येऊन जाणाऱ्या अलार्मला चॅटरिंग म्हणतात. त्याची कारणे साधारण तीन: मर्यादा नेहमीच्या मूल्याला फार चिकटलेली, डेडबँड शून्यावर राहिलेला, किंवा स्विचचा संपर्क खराब. पहिल्या दोन कारणांवर उपाय कागदावर होतो. तिसऱ्यावर डेडबँड वाढवत बसणे म्हणजे बिघाड झाकणे. चोवीस तासांहून अधिक काळ सतत उभा असलेला अलार्म स्टेल म्हणून धरतात. बंद ठेवलेल्या पंपाचा 'दाब कमी' हा अलार्म महिनाभर पडद्यावर असतो, तो याच जातीचा.

मर्यादा कुठे ठेवायची याचे एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. टाकी १० मीटर उंच, तळाचे क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, आवक ताशी ६० घनमीटर, जावक बंद. पातळी ताशी १.२ मीटर म्हणजे मिनिटाला २ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला ०.२ टक्के वाढेल. ट्रिप ९० टक्क्यांवर आहे. अलार्म पाहून कारण समजायला ५ मिनिटे, बाहेरच्या माणसाने व्हॉल्व्हपर्यंत जाऊन तो बंद करायला १० मिनिटे, परिणाम दिसायला २ मिनिटे, डिलेचे १ मिनिट आणि २ मिनिटे राखीव. एकूण २०. वीस मिनिटांत पातळी ४ टक्के चढते. मोजमापाच्या चुकीसाठी १ टक्का धरला तर अलार्म ८५ वर येतो. आता डेडबँड ५ टक्के ठेवला तर तो ८० ला जाईल. टाकी रोज ८३ पर्यंत भरत असेल तर एकदा आलेला अलार्म दिवसभर जाणारच नाही. अशा वेळी डेडबँड २ टक्क्यांवर आणावा. आणि हिशेबात अलार्म ७९ वर येऊ लागला तर समजावे की ऑपरेटरला पुरेसा वेळ देणे या टाकीत शक्य नाही. एकतर आवक कमी करावी लागेल किंवा टाकी रोज इतकी भरणे थांबवावे लागेल. 'गोल आकडा म्हणून ९० ला अलार्म, ९५ ला ट्रिप' असे ठरवलेल्या टाक्या फार आहेत, आणि त्यामागे कोणताच हिशेब नसतो.

मोजमापच खोटे असेल तर काय? ट्रान्समीटर, म्हणजे मोजमाप कंट्रोल रूमकडे पाठवणारे उपकरण, ४ ते २० मिलिअँपिअरचा संकेत देतो. ० ते १० बारच्या पल्ल्यात १२ मिलिअँपिअर म्हणजे ५ बार. नामूर या प्रक्रिया उद्योगातल्या वापरकर्त्यांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ३.८ ते २०.५ पर्यंतचा संकेत मोजमाप म्हणून धरायचा आणि ३.६ किंवा त्याखालचा, २१ किंवा त्यावरचा बिघाड म्हणून. हे सिस्टिममध्ये नीट भरलेले नसेल तर तुटलेली तार शून्य पातळी म्हणून वाचली जाते. कंट्रोलर टाकी रिकामी समजून आवक उघडतो आणि टाकी वाहते. तार तुटल्यावर 'बॅड पीव्ही' अलार्म यायला हवा आणि लूप मॅन्युअलवर जायला हवा.

यापेक्षा कठीण बिघाड म्हणजे एकाच जागी गोठलेले मोजमाप. ११ डिसेंबर २००५ च्या इंग्लंडमधल्या बन्सफील्ड इंधन डेपोच्या दुर्घटनेत पेट्रोल भरत असलेल्या ९१२ क्रमांकाच्या टाकीचा गेज अडकला. पडद्यावर पातळी सपाट राहिली. पातळीचे अलार्म त्याच गेजवर बेतलेले असल्याने ते आलेच नाहीत. वरचा स्वतंत्र हाय-लेव्हल स्विचही चालण्याच्या स्थितीत नव्हता. 'एकाच ट्रान्समीटरवर हाय, हाय-हाय आणि ट्रिप' अशी रचना कागदावर तीन थरांची दिसते, प्रत्यक्षात तो एकच थर असतो. म्हणून ट्रिपचा सेन्सर वेगळा ठेवावा, आणि आवक चालू असताना पातळी ठरावीक वेळ हललीच नाही तर अलार्म येईल असे लॉजिक टाकावे.

आता ट्रिप, इंटरलॉक आणि पर्मिसिव्ह. पर्मिसिव्ह म्हणजे सुरू करण्यापूर्वी पूर्ण व्हायला हवी अशी अट. यंत्र चालू झाल्यावर ती सुटली तरी यंत्र थांबत नाही. इंटरलॉक सतत पाहत असतो आणि अट सुटली की कृती करतो किंवा एखादी कृती होऊ देत नाही. ट्रिप म्हणजे त्या कृतीने यंत्र किंवा विभाग सुरक्षित स्थितीत नेणे. कॉम्प्रेसरच्या ऑइलचा दाब ही सुरू करतानाची पर्मिसिव्हही असते आणि चालू असताना ट्रिपही, बहुधा दोन वेगळ्या आकड्यांवर. 'इंटरलॉकमुळे पंप लागत नाही' असे लिहिण्यापेक्षा कोणती पर्मिसिव्ह पूर्ण होत नाही ते लिहिले तर इन्स्ट्रुमेंटच्या माणसाचा अर्धा तास वाचतो.

'नॉर्मली ओपन' आणि 'नॉर्मली क्लोज्ड' यांतल्या 'नॉर्मली'चा अर्थ यंत्र नेहमीसारखे चालू असताना असा नाही. स्विचवर दाब नाही, रिलेला वीज नाही, कपाटात ठेवलेला आहे, त्या वेळची संपर्काची स्थिती असा त्याचा अर्थ. ऑइलचा दाब कमी झाल्यावर ट्रिप करणाऱ्या स्विचसाठी दाब असताना बंद राहणारा संपर्क निवडतात, म्हणजे कपाटातला उघडा. मग तार तुटली काय आणि दाब गेला काय, दोन्ही वेळी सर्किट उघडते आणि यंत्र थांबते. याला वीज गेली की ट्रिप अशी रचना म्हणतात. स्विच बदलताना उलटा संपर्क जोडला तर यंत्र लगेच ट्रिप होऊन चूक कळते, पण तिथे कुणी लॉजिकच उलटवून 'दुरुस्ती' केली तर त्यानंतर तार तुटल्याचे कोणालाही कळणार नाही.

तीनपैकी दोन हे मतदान (तीनपैकी दोन ट्रान्समीटरनी धोका दाखवला तरच ट्रिप) जिथे आहे तिथे एक ट्रान्समीटर बायपास केल्यावर, म्हणजे संरक्षणातून बाजूला काढल्यावर, उरलेल्या दोघांचे काय होते, हे आधी लिहून ठेवावे. दोनपैकी एक ठेवले तर सुरक्षितता वाढते आणि खोट्या ट्रिपचा धोकाही. दोनपैकी दोन ठेवले तर खोट्या ट्रिप कमी होतात, पण उरलेल्यांपैकी एक मुका झाला की संरक्षण गेले. आणि सिल हा संरक्षण किती भरवशाचे आहे ते सांगणारा दर्जा पूर्ण कार्याचा असतो: सेन्सर, लॉजिक आणि शेवटचा व्हॉल्व्ह मिळून. 'हा सिल २ चा ट्रान्समीटर आहे' या वाक्यातून फक्त तो अशा कार्यात वापरता येईल एवढेच कळते. त्याच लूपमधला व्हॉल्व्ह पाच वर्षांत एकदाही तपासून बंद केलेला नसेल तर ट्रान्समीटरच्या प्रमाणपत्राने काही साधत नाही.

बायपास, शेल्व्ह, सप्रेस, आउट ऑफ सर्व्हिस या चार शब्दांमध्ये चूक झाली तर माणसांचे जीव धोक्यात येतात, म्हणून इथे जरा थांबतो. शेल्व्ह करणे म्हणजे ऑपरेटरने स्वतः, ठरावीक मुदतीसाठी अलार्म बाजूला ठेवणे. मुदत संपली की तो आपोआप परत येतो. मुदत एका पाळीपेक्षा जास्त नसावी. सप्रेस म्हणजे रचनेतच घातलेले लॉजिक: पंप बंद असेल तर त्याच्या 'दाब कमी'ला वाजू द्यायचे नाही. आउट ऑफ सर्व्हिस म्हणजे दुरुस्तीसाठी लेखी परवानगीने काढलेला अलार्म, पर्यायी उपायासह. हे तिन्ही सूचनेला हात लावतात. बायपास मात्र संरक्षणालाच हात लावतो: ट्रिप चालणार नाही.

यात एक छुपा धोका आहे. काही ठिकाणी ट्रिपचे लॉजिक मूळ मोजमापावर न बांधता अलार्मच्या खुणेवर बांधलेले असते. त्यातच काही सिस्टिममध्ये 'इनहिबिट' केल्यावर अलार्मची खूणच तयार होत नाही, तर काहींमध्ये फक्त वाजणे थांबते. दोन्ही जुळून आले की त्रास देणारा अलार्म बंद करणारा ऑपरेटर नकळत ट्रिपही काढून टाकतो. आपल्या सिस्टिममध्ये कोणत्या बटणाने नेमके काय थांबते ते सिम्युलेशनमध्ये किंवा शटडाउनमध्ये प्रत्येक प्रकारच्या एका टॅगवर करून पाहावे, आणि ट्रिपचे लॉजिक शोधून मूळ मोजमापावर बांधून घ्यावे.

पॅनेलवरच्या बटणांबद्दल थोडक्यात. सायलेन्स फक्त हूटर थांबवते. ॲकनॉलेज म्हणजे 'पाहिले'. अलार्म तसाच उभा असतो, लुकलुकणे थांबते. रीसेट लॅच झालेली (कारण गेले तरी अडकून राहणारी) खूण सोडवते, तीही कारण गेल्यावरच. फर्स्ट-आउट म्हणजे अनेक अलार्म एकदम आले तर पहिला कोणता ते वेगळे दाखवणारी रचना. कॉम्प्रेसर बसला की ऑइल, प्रवाह, दाब सगळे सेकंदाच्या आत येतात. अलार्मच्या यादीतला वेळ बहुतेकदा स्कॅनचा, म्हणजे सिस्टिमने मोजमाप वाचण्याच्या फेरीचा, असतो, त्यामुळे एक सेकंदाच्या स्कॅनमध्ये क्रम उलटाही छापला जातो. कारण शोधायचे असेल तर मिलिसेकंदात नोंद करणारा घटनाक्रम रेकॉर्डर पाहावा.

प्राधान्य दोनच गोष्टींवर ठरते: परिणाम किती गंभीर आणि हातात वेळ किती. उपकरण किती महाग आहे यावर नाही. वाटणी साधारण ८० टक्के कमी, १५ टक्के मध्यम, ५ टक्के उच्च अशी यावी. २४ जुलै १९९४ ला ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले. तिथल्या २०४० अलार्मपैकी ८७ टक्के उच्च प्राधान्याचे होते. सगळेच तातडीचे ठरवले की तातडीचे काहीच उरत नाही. या घटनेनंतर १९९९ मध्ये आलेल्या ईईएमयूए या उद्योगसंघटनेच्या १९१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने मोजणीची भाषा घालून दिली: एका ऑपरेटरला दिवसाला सुमारे १५० अलार्म झेपतात, ३०० ही कमाल; दहा मिनिटांत एकाच्या आसपास ठीक, आणि दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त म्हणजे पूर. पाचाच्या खाली आले की तो ओसरला असे धरतात.

या आकड्यांची सरासरी काढून समाधान मानू नये. महिन्याची सरासरी १४० असू शकते आणि त्यातच तीन पूर दडलेले असू शकतात. दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून मोजावे, आणि सर्वाधिक वाजणाऱ्या दहा टॅगांची यादी दर आठवड्याला काढावी. एकूण संख्येतला मोठा वाटा बहुधा तेच उचलत असतात. ते दहा आधी घ्यावेत: प्रत्येकाची मर्यादा, डेडबँड, डिले, ट्रान्समीटरची जोडणी याच क्रमाने. बदल केल्यावर जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि मंजूर करणाऱ्याचे पद अलार्मच्या मूळ नोंदपत्रात लिहावे, नाहीतर पुढच्या अपलोडमध्ये जुने मूल्य परत येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

नोंदवहीत लिहिताना टॅग, शब्द, आकडा, वेळ हा क्रम ठेवावा. 'एलआयसी १०१, हाय अलार्म ८५ वर आला, २:१० ला आवक ६० वरून ४० केली, २:३५ ला ८३ वर येऊन गेला' ही पूर्ण नोंद झाली (एलआयसी १०१ हा पातळीच्या कंट्रोलरचा टॅग). 'लेव्हल अलार्म आला होता, ठीक केला' यातून काहीच हाती लागत नाही. पाळी बदलताना तीन याद्या तोंडी वाचून दाखवाव्यात आणि सही घ्यावी: शेल्व्ह केलेले अलार्म आणि त्यांची उरलेली मुदत, आउट ऑफ सर्व्हिस असलेले, आणि चालू बायपास, त्यातल्या प्रत्येकाऐवजी सध्या काय लक्ष ठेवले जात आहे त्यासकट.